आम्ही पसंत केलेलं दुसऱ्याचं घर

म्हैसूरला राहायला जायचं की नाही, हा निर्णय मी एका परक्या घराच्या न्हाणीघराच्या दारात उभा राहून घेतला.

झालं असं, की माझ्या बायकोने, सुलभाने, बावन्नाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडली आणि म्हैसूरच्या एका कला महाविद्यालयात अर्ज ठोकला. शिल्पकलेसाठी! मी म्हटलं, या वयात घेतंय कोण? तर त्यांनी घेतलं! (माझं मत विचारलं असतं तर मी ते सविस्तर कळवलं असतं.)

"पुणं सोडायचं? मातीत हात घालायला?" मी म्हणालो.

"शाळेत असल्यापासून मनात आहे माझ्या," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. पण कारण नीट सांगा."

शेवटी ठरलं, की कॉलेजच्या जवळ घर बघायचं. मला पसंत पडलं तर जायचं, नाही तर प्रवेश रद्द. तिने मान डोलावली, पण चेहरा एवढासा झाला. मला जरा वाईट वाटलं. जराच. कारण मला आजवर कुठलंच घर पसंत पडलेलं नाही. राहतोय तेही नाही.

नवरात्रात आम्ही म्हैसूरला पोचलो. एजंटने फोनवर सांगितलं, "सरस्वतीपुरमला या. गल्लीच्या टोकाला हिरवं गेट. दार उघडंच असेल, सरळ आत जा."

गल्लीच्या टोकाला हिरवी गेटं निघाली दोन. एका घराला कुलूप, दुसऱ्याचं दार सताड उघडं. प्रश्नच मिटला!

आत रेशमी साडीतल्या एक आजी हसत पुढे आल्या. "बन्नी, बन्नी," म्हणाल्या. म्हणजे या, या. मी इंग्रजीत म्हणालो, "हाउस. सी." त्यांनी कौतुकाने दिवाणखान्याकडे हात केला. तिथे भिंतभर पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडल्या होत्या. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी, खाली मिरवणूक, बाजार, पार भोपळा विकणाऱ्यापर्यंत.

"बाप रे! हे सगळं हलवायला टेम्पो लागेल," मी सुलभाला म्हणालो. "एक तारखेला जागा खाली करतील ना?"

"अहो, हळू! ही माणसं अजून राहतायत इथे."

"नोटीस दिली असेल. आणि यांना मराठी काय कळतंय!"

आजी हसतच होत्या. मी "बाथरूम?" म्हटलं, त्यांनी लगबगीने दाखवलं. मी नळ सोडून धार बघितली, खिशातली टेप काढून खिडकी मोजली, भिंतीवर टकटक केलं. नावं ठेवायला सुरुवात करणार, तोच बाहेरून बायकांचे आवाज आले. डोकावलो, तर तिघीजणी हळदीकुंकू लावून घेत आत शिरत होत्या. मागून आणखी चौघी!

मी सुलभाला बाजूला ओढून म्हटलं, "अगं, अख्खं गाव हे घर बघायला आलंय!"

"मग जाऊ दे की. तुम्हाला नाहीच आवडलेलं."

"कोण म्हणतं नाही आवडलं? धार बघितलीस का नळाची?"

दुसऱ्याला हवी असलेली वस्तू मला तत्काळ आवडते. मी न्हाणीघराच्या दारात उभा राहून, त्या बायकांसमोर भिंत थोपटत हिंदीत ओरडलो, "पूरा घर गीला है! मत लेना!" आणि खरोखरच त्याच क्षणी पायाखाली पाणी आलं. देवही बाजूने होता! मी आजींसमोर हात उंचावून जाहीर केलं, "फायनल! घर आमचं! सुलभा, इथेच राहायचं, ठरलं!"

आजींनी माझ्या हातात उसळीचा द्रोण ठेवला.

"घ्या की," त्या म्हणाल्या. मराठीत! "पण आम्ही कुठं जायचं तेवढं सांगा. चार पिढ्या झाल्या इथं, सामान बांधायला वेळ लागतो. आणि ओल नाही हो. तुम्ही नळ तसाच सोडून आलात, ते पाणी."

मग कळलं, की आजींचं माहेर मराठी, आणि म्हैसुरात नवरात्रात घरोघरी अशा बाहुल्या मांडतात आणि बघायला येणाऱ्या कोणालाही दार उघडं असतं. भाड्याचं घर शेजारचं, कुलूपवालं. मी फडकं मागून घेतलं आणि पुसायला बसलो.

सुलभा दाराबाहेरच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "सात बायकांसमोर ठरलं म्हणालात. आता फिरवायचं नाही."

फिरवणार कसं? शेजारचं घर मी नळ न सोडता पसंत केलं. सुलभा कॉलेजातून कोपरापर्यंत माती घेऊन येते, आणि खरं सांगतो, इतकी खूश मी तिला लग्नातही बघितली नव्हती.

पहिल्या वर्षी तिने एक बाहुली केली. टक्कल, ढेरी, एका हातात टेप, दुसरा नळावर. आजींनी ती मागून घेतली. तेव्हापासून दर नवरात्रात मी त्यांच्याकडे सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, भोपळेवाल्याच्या शेजारी. पोरं आधी मलाच बघायला येतात.

यंदा मी तक्रार केली, "आजी, आता तरी वरच्या पायरीवर न्या."

"नेलं असतं हो," आजी म्हणाल्या, "पण वर राजा-राणी राहतात. त्यांना नोटीस तुम्ही देताय का?"