साडूंची तीन बोटं

एका जागी न बसणाऱ्या माणसांची नागपुरात स्पर्धा ठेवली, तर माझे थोरले साडू पहिल्या पाच मिनिटांत उठून चालते होतील, आणि तरीही बक्षीस त्यांच्याच घरी पोचवावं लागेल. त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस उभ्याने जेवतो, जिन्यात पेपर वाचतो आणि गांधीबागेतल्या स्वतःच्या अस्तर-फॉलच्या दुकानात गादीवर बसतो तो फक्त लक्ष्मीपूजनाला, तेही गुरुजी रागावतात म्हणून. एकदा न्हाव्याने त्यांची अर्धी दाढी केली आणि वाटीतलं पाणी बदलायला तो वळला, तेवढ्यात हे समोरच्या दुकानात कुणाशी तरी बोलायला गेले. उरलेली दाढी त्या बिचाऱ्याने रस्त्यात उभं राहून उरकली. आमच्या घरी ते आले की बायको खुर्ची पुढे करतच नाही. ती आधी त्यांच्या चपला आत आणून ठेवते, म्हणजे निदान चहा उकळेपर्यंत तरी ते थांबतील. दोनदा ते तसेच अनवाणी निघून गेलेले आहेत.

गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस सकाळी गादीवर बसला की दिवे लागेपर्यंत हलत नसे. गालात खर्रा असायचा. ज्यांना खर्रा माहीत नाही ते भाग्यवान, पण त्यांच्यासाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटघोट घोटायचा आणि चिमूटभर गालात सोडायचा. नागपुरात दोन माणसं भेटली की नमस्काराआधी पन्नी निघते. साडू अख्खा धंदा ‘हूं’ आणि ‘उंहूं’ या दोन शब्दांवर करत, आणि गिऱ्हाइकं त्यांना फार विचारी समजत. मग एके दिवशी जरीपटक्याच्या बाजारात ते पाणीपुरी खायला उभे राहिले आणि पुरी तोंडात जाईना. त्यांनी ठेलेवाल्याला पुऱ्या मोठ्या केल्याबद्दल झापलं. शेजारच्या ठेल्यावर गेले, तिथेही पुऱ्या मोठ्याच. चौथ्या ठेल्यापर्यंत त्यांची खात्री झाली होती की बाजारातल्या सगळ्या पुरीवाल्यांनी मिळून काहीतरी कट केला आहे. पाचव्या ठेल्यावरच्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “काकाजी, पुरी नाई, तुमचं तोंड लहान होऊन राहिलं.”

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी साडूंना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. तीन गेली नाहीत, दोनही गेली नाहीत, दीड गेलं. खर्र्याने गाल आतून आखडले होते. मग बाईंनी विचारलं, पहिल्यांदा कधी खाल्ला? “सातवीत,” साडू म्हणाले, आणि त्यांना वाटलं आता आपलं कौतुक होणार. त्याऐवजी बाईंनी त्यांना मेंदू समजावून सांगितला. तो साडूंनी असा काही उचलला की बाईंनाही नंतर पश्चात्ताप झाला असेल. कारण त्या दिवसापासून गांधीबागेत अस्तर घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ब्लाउजपीसबरोबर मेंदू मिळू लागला. “हे पाहा ताई,” ते कापड मापता मापता म्हणत, “बारा-तेरा वर्षांचं पोट्टं म्हणजे कच्चा टाका घातलेलं कापड. मजेची हौस कवाच तयार होऊन जाते. पण कपाळाच्या मागं थांब म्हणणारा जो भाग आहे, त्याले पक्की शिलाई पडाले पंचविशी उजाडते. तवरोक जे आत घालसान ते शिलाईतच शिवल्या जाते. मंग उसवाले गेलं तं कापडच फाटते.” बाई बिचारी फॉल जुळतो का ते पाहत असायची.

खर्रा त्यांनी सोडला, पण हाताचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ते पन्नीत बडीशेप घालून घोटू लागले. तरीही हात उरले, पाय उरले, तोंड उरलं, आणि या सगळ्याला त्यांनी एकच काम लावलं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, साडू आल्या आल्या घरातली पोरंपोरी गोळा करत, ओळीने उभी करत आणि म्हणत, “चला, तोंड उघडा. आपापले तीन बोटं उभे आत.” गेल्या वर्षी एका लग्नात तर अक्षता वाटप चालू असताना मांडवाच्या कडेला वीस-बावीस पोरं तोंडात बोटं खुपसून उभी होती आणि व्हिडिओवाला सगळं सोडून त्यांचंच चित्रण करत होता. एका पोराची दोनच बोटं गेली, तर साडूंनी त्याच्या बापाला पंगतीतून उठवलं. बाप म्हणाला, “जिलेबी तं खाऊ द्या.” साडू म्हणाले, “तुह्या पोट्ट्याले पाच वर्षांनी जिलेबी जाणार नाई, अन् तुले आता पाह्यजे?” त्याच लग्नात त्यांनी नवरदेवाला वय विचारलं. चोवीस आणि सात महिने, असं उत्तर आल्यावर ते नवरीच्या वडिलांना बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले, पोट्टा चांगला आहे, पण पाच महिने लक्ष ठेवा.

लोक हसत. मीही हसत असे. मी कचेरीत खुर्चीला चिकटून तीस वर्षं काढलेला माणूस, मला त्यांची ही धावपळ म्हणजे फुकटची करमणूक होती. पण माझी बायको काही हसली नाही. तिने एक गोष्ट पाहिली होती जी मी पाहिली नव्हती. एकदा सगळे घरी जेवायला आले होते आणि नेहमीप्रमाणे तपासणी उरकून साडू गॅलरीत फेऱ्या मारत होते. ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “भाऊजी साऱ्यायचं तोंड पाहतात. आपल्याच चिन्मयचं काहून नाई पाहत?” मी म्हटलं, राहून गेलं असेल. ती म्हणाली, “चार वेळा राहून गेलं?”

चिन्मय माझा मुलगा, अकरावीत आहे. मी गॅलरीत गेलो आणि साडूंना सरळ विचारलं. ते थांबले. मी त्यांना इतका वेळ थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग कठड्याकडे पाहत म्हणाले, “मले नाई होत साडभाऊ. त्याचं तोंड पाहाची मह्यात हिंमत नाई.” आणि मला एकदम तो उन्हाळा आठवला. चिन्मय पाचवीतून सहावीत गेला होता आणि सुट्टीत मावसाजीच्या दुकानात बसायचा. साडू पांढऱ्या अस्तराचे तागे उलगडत. चुना-तंबाखूचे हात लागले तर ताग्याला पिवळा डाग पडतो आणि तो माल परत येतो. म्हणून खर्रा ते स्वतः घोटत नसत, पोराच्या हातात पन्नी देत. चिन्मय गादीवर मांडी घालून मन लावून घोटायचा. साऱ्या लाइनीतले दुकानदार ते पाहायला यायचे. “कापड वाचवलं मी,” साडू म्हणाले, “अन् पोट्टं खराब केलं.” एवढं बोलून ते लगेच जिना उतरून गेले.

त्या रात्रीचं जेवण आम्हाला गेलं नाही. सकाळी मी चिन्मयला समोर उभं केलं. दोन बोटं सहज गेली, तिसरं नखापाशी अडलं. त्याच्या दप्तरात, कंपासपेटीच्या खाली, घड्या घातलेल्या पन्न्या निघाल्या. आठवीपासून, तो म्हणाला. रोज दोन, परीक्षा असली की चार. “सोडला असता मी कवाही,” हेही म्हणाला, आणि मग आमच्यापेक्षा मोठ्याने तोच रडला. मी त्याच्यावर हात उगारला. बायकोने तो धरला, आणि बरं झालं धरला.

धंतोलीच्या बाईंनी सांगितलं की याचं तोंड सुटेल, व्यायाम करायचा, आणि पन्नीला हात लावायचा नाही. दुसरं अवघड जाईल, कारण या वयात लागलेली ओढ फार चिवट असते, पण हेच वय नवी सवय शिकायचंही असतं, हे विसरू नका. साडूंनी यातलं शेवटचं वाक्य उचललं. चिन्मयला सर्वांत जास्त तल्लफ येते ती संध्याकाळी, ट्यूशन सुटल्यावर. तेव्हा ट्यूशनपासून घरापर्यंत पानठेला नसलेला रस्ता शोधायचा, असं त्यांनी ठरवलं. नागपुरात असा रस्ता शोधणं म्हणजे काय, हे नागपूरकरच जाणे. साडू सहा दिवस दुकान नोकरांवर टाकून गल्ल्या पालथ्या घालत होते. शेवटी एक सापडला. तो एका शाळेच्या मागून, एका गोठ्यातून आणि एका वकिलांच्या अंगणातून जातो. वकिलांची परवानगी त्यांनी मेंदू समजावून सांगूनच मिळवली असणार. दहा मिनिटांच्या जागी त्याला पाऊण तास लागतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते चिन्मयला त्या रस्त्याने घरी आणतात. आणि ट्यूशन नसली तरी त्याच वेळेला खालून हाक मारून फिरायला नेतात.

मागच्या आठवड्यात ते मला फाटकापाशी गाठून म्हणाले, “काल त्यानं खाल्ला. एक. मले सांगतलं त्यानंच. तू त्याले काही म्हणू नको गा.” माझं डोकं भडकलं. त्याने सोडून चार महिने झाले होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्याने? मी बाप आहे. साडू पायाने माती उकरत राहिले. “मी त्याची माफी मांगतली होती,” ते म्हणाले, “दुकानात बलावून, गादीवर बसवून. मी खाली उभा होतो. म्हटलं बेटा, तुह्या हातात पन्नी मीच देल्ली. तवापासून तो मले सांगते.” मग ते भराभर निघून गेले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि खूप वाईट वाटलं. कारण त्या उन्हाळ्यात मीही अनेकदा कचेरीतून त्या दुकानात जात असे आणि चिन्मय घोटत असताना तिथे बसून चहा पीत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

काल सुट्टी होती. संध्याकाळी चिन्मय फिरायला जायला बुटाची लेस बांधत होता. मी म्हणालो, “चिन्या, तू दुकानात खर्रा घोटत होता ना, तवा मी तिथंच बसलो राहायचो. मी तुले थांबवलं नाई.” आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य, तरी बोलताना जड गेलं. त्याने मान वर केली नाही.

“मले माहीत आहे ना बाबा,” तो म्हणाला. “तुम्हीच तं साऱ्यायले सांगत होते, मह्या पोरासारखा कोणीच घोटत नाई म्हणून. म्हणूनच तं मी रोज जाऊन राहिलो होतो दुकानात.”

खालून साडूंची हाक आली. चिन्मय उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “चला ना मंग तुम्हीबी.” मी होतो तसाच, पायजम्यावर निघालो. आम्ही खाली उतरलो तोवर साडू कोपऱ्यापर्यंत पोचलेही होते, आणि त्यांना गाठायला आम्ही दोघं जवळजवळ पळतच होतो.