पागनीस पिकअप निवडतात

झाशीतल्या पागनिसांच्या अंगणात एक मोटरबोट आहे आणि दोन वर्षं झाली, ती कडुलिंबाखाली ट्रेलरवर उभी आहे. कमलबाई तिच्या कठड्यावर ओल्या चादरी वाळत घालतात आणि दर वेळी मनात म्हणतात, एवढ्यासाठी बोट कशाला हवी होती, दोन बांबू पुरले असते.

बोट त्यांच्यासाठीच आली होती, हेच तर दुखणं होतं. कमलबाईंचं माहेर ललितपूरकडचं. वडील तिथल्या एका खेड्यात राममंदिराचे पुजारी. पुढे बेतवेवर धरण झालं, गाव उठलं आणि मंदिर होतं तिथेच पाण्याखाली गेलं. भर उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा कळस वर येतो, पण काठापासून फार आत. काठावरून नुसता ठिपका दिसतो. एकदा जेवता जेवता कमलबाई सहज बोलून गेल्या, की एकदा त्या कळसाला हात लावून यावं असं वाटतं. नवरा, शिवाजीराव, तेव्हा नुसते जेवत राहिले. महिन्याभरात भोपाळहून कुठल्याशा क्लबाची जुनी बोट आणून त्यांनी दारात उभी केली. कमलबाईंना इतका आनंद झाला होता की त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं.

मग ती ओढायला गाडी हवी झाली. घरातली छोटी मोटार हे ओझं ओढणार नव्हती. शिवाय शेवटच्या गावापासून पाण्यापर्यंत रस्ता असा नाहीच. दगडधोंडे, चाकोऱ्या आणि काठाला गुडघाभर गाळ. चारही चाकांना जोर असलेली पिकअप हवी, हे कमलबाईंनाही पटलं. एखादा ट्रॅक्टर भाड्याने घेऊ, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. पण शिवाजीराव म्हणाले, परक्या ट्रॅक्टरला मी माझी बोट जोडणार नाही, आणि विषय तिथेच संपला.

तिथून गाडी निवडणं सुरू झालं ते संपेचना. झाशी झाली, ग्वाल्हेर झालं, कानपूर झालं. शिवाजीरावांचा जन्म रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेलेला, त्यामुळे खोट काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका गाडीचं पोट खाली लोंबतं. दुसरीचा ट्रेलर जोडायचा हूक मागच्या चाकांपासून फार लांब, बोट शेपटीसारखी डोलेल. तिसरीत सगळं ठीक होतं तर तिला वळायला अख्खं मैदान लागतं म्हणे. कमलबाई शोरूमच्या सोफ्यावर बसून थंड चहा प्यायच्या आणि आगगाडीने घरी परतताना खिडकीबाहेर बघत राहायच्या. पहिला उन्हाळा गेला. दुसराही गेला. दोन्ही वर्षं कळस वर आला आणि परत बुडाला.

यातली सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट अशी, की शिवाजीराव एकाही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावत नसत. विक्रेत्याला चालवायला सांगायचे आणि स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. कारण विचारलं की उत्तर तयार असे. आम्ही पागनीस.

पागनिसांचे मूळपुरुष पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि झाशीच्या पागेचा हिशेब बघू लागले, असं घरात सांगतात. घोडा विकत घेताना त्यांचा एक दंडक होता. घोड्यावर दुसऱ्याने बसायचं, पागनिसाने बघायचं. स्वतः बसलं की माणसाला घोडा आवडतो आणि मग त्याची खोड दिसत नाही. हा दंडक या घराने गाईम्हशींना लावला, स्कूटरला लावला आणि सोयरिकीलाही लावला. कमलबाईंना बघायला शिवाजीराव आलेच नव्हते. थोरले दीर यज्ञेश्वर आले, पोहे खाल्ले, पसंत करून गेले. मांडवात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याचा चेहरा कमलबाईंनी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही घामाघूम झालेला.

तेच यज्ञेश्वर आता रविवारी लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी देवीचं दर्शन घेऊन इकडे यायचे आणि भावाची पाठ थोपटायचे.

"घाई नको करू शिवा. आपल्या घराण्यात कोणी आंधळेपणाने काही घेतलेलं नाही."

"भावोजी, या वेगाने गाडी येईपर्यंत मी वर गेलेली असेन," कमलबाई म्हणाल्या.

"कमलबाई, जल्दबाजी चांगली नाही," यज्ञेश्वर म्हणाले आणि आणखी एक वडी उचलली. शिवाजीरावांनी ताटली त्यांच्याकडे सरकवली.

यंदा मे लागला आणि कमलबाईंचा धीर सुटला. समथरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, रोज स्वतः मोटार हाकत गेल्या-आल्या होत्या. हट्टी पोरांना वठणीवर आणायची त्यांना सवय होती. त्यांनी परस्पर शोरूमला फोन केला. रिछारिया नावाच्या विक्रेत्याला सांगितलं, की गाडी घरी घेऊन या, मागे बोट जोडा आणि पहूज नदीच्या बंधाऱ्याच्या काठावर, खऱ्या उतारावर, खऱ्या चिखलात दाखवा. तो आला. गाडी गर्द हिरवी, अंगापिंडाने दणकट. शिवाजीरावांनी खाली वाकून पोट तपासलं, हूक हलवून पाहिला, आणि त्यांना खोट सापडेना. कमलबाईंनी ते नीट पाहिलं. शिवाजीरावांचा चेहरा आनंदी होण्याऐवजी उतरला.

बंधाऱ्यापर्यंत रिछारियाने गाडी आणली. दगडांवरून ती ठेचकाळली नाही की घसरली नाही. काठाशी आल्यावर बोट मागे रेटत पाण्यापर्यंत न्यायची होती. रिछारिया खाली उतरला.

"बाबूजी, अब आप आ जाइए। मैं बाजू से इशारा करता हूँ, कोई एक नीचे तो चाहिए।"

"हमारे यहाँ खरीदने वाला नहीं बैठता," शिवाजीराव मागून म्हणाले.

कमलबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या पुढच्या सीटवरून वळल्या. "अहो, पुरे झाली ती पागा. घोडे मेले, संस्थान बुडालं, माझं देऊळही बुडालं. आज तुम्ही चालवायला बसणार नसाल तर मी ही बोट उद्या भंगारात देते. गंमत म्हणून नाही सांगत."

शिवाजीराव उतरले. गाडीला हात टेकत टेकत पुढे आले आणि स्टिअरिंगमागे बसले. इंजिन चालू होतं. त्यांनी रिव्हर्स टाकला, पण ब्रेकवरचा पाय काढला नाही. रिछारिया उजव्या बाजूला, त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि दोन्ही हातांनी डावीकडे घ्या म्हणून खुणा करत होता. शिवाजीराव सरळ समोर बघत होते.

"कमल," ते अगदी हळू म्हणाले, "तो माणूस कुठे उभा आहे?"

कमलबाईंना वाटलं, आता हे नवीन काय काढलं. त्यांनी रागानेच नवऱ्याकडे पाहिलं. मग रिछारियाकडे पाहिलं. लाल शर्ट, हलणारे हात, भरदुपारचं ऊन. त्यांनी हात लांब करून हँडब्रेक ओढला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काचबिंदू आहे. बोट आणली त्याच हिवाळ्यात डॉक्टरने सांगितलं. समोरचं नीट दिसतं. बाजूचं गेलं. राहिलेलं टिकावं म्हणून थेंब घालतो."

"ते थेंब जळजळीचे म्हणाला होतात."

"हो."

"आणि दोन वर्षं मला कानपूरपर्यंत हिंडवलंत."

"एखादी पसंत केली असती तर मलाच चालवावी लागली असती. नाही म्हटलं असतं तर तू बोट विकून टाकली असतीस. मग तुझा कळस राहूनच गेला असता."

कमलबाई भयंकर चिडल्या. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही त्यांना राग आला. माणसाने एवढी मोठी गोष्ट उशाशी घेऊन झोपावं आणि शेजारी झोपलेल्या बाईला कळू देऊ नये. आणि त्या बाईनेही दारूगोळ्यासारखं रोज तोंड चालवावं, पण जिन्यात ठेचकाळणाऱ्या नवऱ्याला एकदा नीट विचारू नये. दोघांनाही एका माळेत ओवून मारायला हवं होतं.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

"तुला एवढी मोठी गाडी..."

"समथरला काय विमानाने जात होते मी? सरका."

जागा बदलली. कमलबाईंनी ब्रेक सोडला, स्टिअरिंगचं चाक डावीकडे वळवलं आणि बोट शहाण्यासारखी उजवीकडे निघाली. रिछारिया ओरडत मागे पळाला.

"मागे नेताना ट्रेलर चाकाच्या उलट जातो," शिवाजीराव म्हणाले. "तुला बोट डावीकडे हवी ना, तर चाक उजवीकडे. थोडंच. आता लगेच सरळ कर. घाई नको."

तीनदा चुकलं. चौथ्यांदा बोट हळूहळू उतारावरून मागे गेली, ट्रेलरची चाकं गाळात शिरली, आणि पाण्याने तिचं बूड उचललं. कमलबाईंनी गाडी थांबवली.

रिछारिया धापा टाकत खिडकीशी आला. "अम्माजी, बाबूजी को कैसी लगी?"

"बाबूजी रहने दो भैया. गाडी मैं चलाऊँगी. यही दे दो. और इसी हफ्ते चाहिए."

तो खूश होऊन फोन लावायला लांब गेला. गाडीत दोघंच राहिली. कमलबाईंना एक गोष्ट विचारायची होती आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"तिथे गेल्यावर कळस दिसेल ना हो तुम्हाला?"

"समोर असला तर दिसेल," शिवाजीराव म्हणाले.

"मग मी बोट समोरच धरीन," कमलबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसू लागल्या.