दोऱ्याने बांधलेली वांगी

दोरा संपला तेव्हा तिसऱ्या ओळीतली वांगी बांधायची राहिली होती. गिरिजाबाईंनी घरातली गोधडी आणून टाके उसवायला घेतले आणि सगळं शेत हसायला लागलं. सगळ्यात मोठ्याने मी हसत होतो.

महाराष्ट्र राज्य नवं, प्रसिद्धी खात्यात मी नवा, आणि हा माझा पहिला माहितीपट. विषय : विहिरीवर इंजिन बसवून भाजीपाला पिकवणारे सोनाळ्याचे नामदेवराव, गिरिजाबाईंचे यजमान. शेवटचा शॉट मी मुंबईतच ठरवून आलो होतो. वांग्यांनी वाकलेली झाडं, तोडणी, भरलेल्या टोपल्या.

झाडांना वांगी होती, पण बेताची. त्यातून नामदेवराव हात लावू देईनात.

"पहिला तोडा शुक्रवारी, देवाले. त्याच्या आंधी नाही, साहेब."

कॅमेरा गुरुवारी परत करायचा होता.

"मग बाजारातली वांगी बांधू. ती तोडली तर देवाची हरकत नाही ना?"

नामदेवरावांनी गंभीरपणे विचार केला. "बाजारातल्याले देव कायले अडवीन?"

वरवट बकालहून दोन टोपल्या आणल्या. इथली वांगी जांभळी, मिळाली हिरवी. फिल्म काळी-पांढरी, कोणाला कळणार! एका रोलमध्ये जेमतेम पावणेतीन मिनिटांचं चित्र मावतं, म्हणून आमचा कॅमेरामन कामत एरवी फार कंजूष. त्या दिवशी त्यालाही लहर आली होती. अर्धा रोल त्याने आमच्या बांधाबांधीवरच उडवला.

महिन्याभराने रफ कट, म्हणजे चित्रपटाची कच्ची जोडणी, गावाला दाखवायला नेला. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. शेवटचा शॉट आला आणि सोनाळेकर लोळले.

"काऊन बे, वांगं शेंड्याले लागते काय?"

वरवटचे चार पाहुणे मात्र हसले नाहीत. त्यांनी नामदेवरावांना गाठलं. "कोणतं बियाणं हाये, भाऊ? आमाले याच वांग्याचे रोपं द्या."

नामदेवराव माझ्याकडे आले. त्यांच्या वाफ्यातल्या रोपांवर आसपासची गावं लागवड करत.

"साहेब, तुमचा फिलम जाईन मुंबईले. मले वरवटच्या बाजारात बसाचं हाये. हे लोक रोपं नेतीन, लावतीन. अन् मंग?"

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मले वाटलं, खेळ चालू हाये."

पाहुण्यांना खरं मी सांगायला हवं होतं. नामदेवरावांनी सांगितलं, सगळ्यांसमोर उभं राहून. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. हे आजवर कोणाला बोललो नव्हतो.

मुंबईत तो शॉट मी कापला. त्या जागी कामतचा अर्धा रोल जोडला. गोधडी उसवणाऱ्या गिरिजाबाई, तोंडात दोरा धरलेले नामदेवराव आणि टोपलीशेजारी वेड्यासारखा हसणारा मी.

"हे काय आहे?" खात्यातल्या माझ्या साहेबांनी विचारलं.

"तोडणीचा शॉट, साहेब. आम्ही तो असा घेतला."

"यातून शेतकऱ्याने शिकायचं काय?"

"शेतकऱ्याने काही नाही. मी शिकलो."

साहेब हसले नाहीत. फिल्मचा डबा कपाटात गेला आणि मी दोन वर्षं पत्रकांची प्रुफं तपासली. मध्ये नामदेवरावांचं कार्ड आलं : रोपं सगळी खपली, वरवटवाल्यांनीही नेली. गोधडी अजून उसवलेलीच आहे, दोरा घेऊन या.

आता कुठल्याही गावी चित्रीकरण ठरलं की मी आधी विचारतो, पहिला तोडा कधी? कॅमेरा त्यानंतरच्या तारखेचा मागतो.