भिंतीवरचा मामा

आधी एक गोष्ट साफ करते. माझा मामा फ्रॉड नाही. समोरच्या भिंतीवरून गल्लीतले लोक जे काय बोलतात ते मामाच्या पाठीमागे बोलतात, आणि दुकानात मी असले की बोलतच नाहीत. म्हणून सगळं लिहून ठेवतेय. एकदा वाचा आणि मग गप्प बसा.

मामा कुलूपवाला. आमचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे राहिलेली फट, तिला शटर लावलंय. एक माणूस आरामात बसतो. दोघं बसलो की शिंकायच्या आधी समोरच्याला सांगावं लागतं. भिंतभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या चाव्या. चावी कापायचं मशीन माझं, बाकी सगळं मामाचं. नववीत मी शाळा सोडली तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. मामा तिला म्हणाला, "ताई, जेव. पोरीला कानस धरता येते." झालं, एवढ्यावर माझं ठरलं.

आता मामाचे हात. ते बघायलाच हवेत. मोठे, काळवंडलेले, शिरा वर आलेल्या, डाव्या अंगठ्याला अर्धंच नख. नऊ वर्षांपूर्वी एक बाई स्कूटरची चावी करायला आल्या. जाड चष्मा, केसात पेन खोचलेलं. चावीकडे बघेचनात, मामाच्या हातांकडेच टक लावून. म्हणाल्या, "काका, तुमचे हात दीडशे वर्षं जुने वाटतात."

मामा ओशाळला. "साबणाने निघतं ते."

"नको नको! धुऊ नका!"

त्या टीव्हीसाठी डॉक्युमेंटरी करायच्या. इतिहासाच्या, जुन्या कलांच्या, लोकांवर झालेल्या अन्यायाच्या. आता जुन्या काळाचं शूटिंग आणायचं कुठून? मग माणसं उभी करून तसं तसं करून घ्यायचं. पूर्ण माणूस दाखवला की घोळ होतो, म्हणून नुसते हात दाखवायचे, नाहीतर पाय, नाहीतर पाठ. वरून एक जाडा आवाज बोलत राहतो.

तेव्हापासून मामाचे हात टीव्हीवर. त्या हातांनी राजाचा शिक्का मारला, आणि पुढच्याच आठवड्यात बेड्या अडकवून कैदी म्हणून दगड फोडले. मूर्ती घडवली. विषाचा पेला पुढे केला. एका थोर माणसाचं शेवटचं पत्रही लिहिलं, पण मामाचं अक्षर बघून ते 'प्रिय' इथपर्यंतच दाखवलं. आई दर वेळी शेजारच्या काकूंना ओढून आणायची. "बघा, माझा भाऊ!"

"कुठाय?"

"तो काय! अंगठा!"

मामा हसायचा. पण मी रोज त्याच्या शेजारी बसते, मला कळतं. त्याला एकदा तोंड दाखवायचं होतं. फक्त एकदा. प्रत्येक शूटिंगला विचारायचा, "ताई, कॅमेरा वर कधी येणार?" चष्मेवाल्या ताई म्हणायच्या, "काका, हात जुने आहेत हो, पण चेहरा अगदी आजचा आहे." मग घरी येऊन हा आरशासमोर उभा. आजचा म्हणजे नक्की कुठून आजचा, ते शोधत.

मग काच कारखान्याचं आलं.

आमच्या दुकानासमोर ती लांबलचक भिंत आहे ना, ती त्या बंद पडलेल्या कारखान्याची. पंचाहत्तर वर्षांपूर्वी तिथे संप झाला. मागणी काय होती? भट्टीजवळ प्यायच्या पाण्याचा एक नळ. बस. तोही मिळेना, तेव्हा कामगारांनी फाटकाला आतून कुलूप लावलं आणि मालकाला दिवसभर उन्हात बाहेर उभं ठेवलं. कुलूप लावणारा कोण, ते कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून त्याचे हात म्हणजे आमचा मामा.

डोक्यावर टोपी, तोंडाला काजळी, समोर खरं फाटक. पण कुलूप आणलं होतं नाटकातलं, पत्र्याचं! मामाने चावी फिरवली, ती अडकली. पुन्हा फिरवली, पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा मामाचं टाळकं सरकलं आणि हे भंगार कुणी आणलं ते बघायला त्याने मान वर केली. नेमका तेव्हाच कॅमेरामनचा हात हलला आणि कॅमेरा वर गेला. दोन सेकंद मामाचं तोंड! ताईंना ते आवडलं. त्यांनी ते काळंपांढरं केलं, जुनं वाटावं म्हणून वर ओरखडे मारले आणि ठेवून दिलं.

टीव्हीवर लागलं त्या दिवशी काकूंनीही लगेच ओळखलं. मामा रात्रभर सज्जन माणसासारखा वागला.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पुढचा घोळ आमचा नाही, हे नीट वाचा. पाचेक वर्षांनी दुसऱ्याच एका चॅनलने संपांवर कार्यक्रम केला. त्यांनी ते दोन सेकंद कुठून तरी उचलले, ओरखडे बघितले आणि धरून चालले की हे तेव्हाचंच. जाडा आवाज म्हणाला, "या अनाम कामगाराच्या डोळ्यांतला निर्धार पाहा." निर्धार! पत्र्याच्या कुलपाचा वैताग होता तो! पण एकदा टीव्हीने म्हटलं की झालं. त्यावरून पोस्टर निघालं, पुस्तकावर छापून आलं, आणि एका सकाळी रंगारी परातीएवढे डबे घेऊन आले आणि आमच्या दुकानाच्या बरोब्बर समोर, भिंतीवर, बारा फुटी मामा काढून गेले. खाली लिहिलं, 'अनाम कामगार'.

तुम्हाला वाटेल, लोकांनी लगेच ओळखलं असेल. कसलं काय. लोक त्या चित्राला पाठ करून उभे राहायचे आणि मामाला चावी द्यायचे. मामा मुद्दाम टोपी घालून बसला आठवडाभर. एक जण म्हणाला, "डोकं दुखतंय का?" शेवटी तो रस्ता ओलांडून भिंतीलाच टेकून उभा राहिला. कॉलेजच्या दोन पोरी आल्या, फोन वर केला आणि म्हणाल्या, "काका, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय."

मी दुकानातून ओरडणार होते. मामाने हाताने गप्प केलं आणि बाजूला झाला.

त्यानंतर तो दोन दिवस कुलपं चुकीच्या बाजूने उघडत होता.

"मामा, सरळ सांगून टाक ना."

"कुणाला?"

"ज्यांनी केलं त्यांना. टीव्हीला."

"टीव्हीला फोन लागत नाही, बाळ."

पण टीव्हीचाच फोन आला. त्याच दुसऱ्या चॅनलचा एक दाढीवाला. म्हणाला, अनाम कामगाराची मुलगी सापडली आहे, ऐंशीच्या पुढच्या आजी. भिंतीवरचे ते माझे बाबा, असं त्या म्हणतात. बाबांची एक जुनी ट्रंक आहे, तिची चावी हरवली आहे, इतकी वर्षं बंद आहे. ती आम्ही कॅमेऱ्यासमोर उघडणार. तर कुलूपवाल्याचे हात हवेत.

मामाने फोन ठेवला. बराच वेळ भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझा निळा शर्ट कुठाय?"

मी शर्टाला इस्त्री केली. वाक्य पाठ करून घेतलं. 'भिंतीवर आहे तो मी आहे.' पाच शब्द. कॅमेरा चालू असताना बोलायचं, म्हणजे कुणाला नाही म्हणता येणार नाही. मामा रस्ताभर पुटपुटत होता.

आजींची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेलं पातळ, आणि मधोमध, खास आणून ठेवल्यासारखी, हिरवी पत्र्याची ट्रंक. बाकी जागेत दिवे, वायरी आणि दाढीवाला. तो सगळं मामाच्या हातांशीच बोलला, वर बघितलंच नाही. कॅमेरामन मात्र तोच, जुना. त्याने आधी मामाला बघितलं, मग मला, आणि मग छताला काही लागलंय का ते बघत बसला.

आजींनी मात्र मामाकडे बघितलं. नीट. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं. आणि तोंड घट्ट मिटलं.

"ॲक्शन," दाढीवाला म्हणाला.

मामाने आकडा घातला. टक्. कुलूप उघडलं. चार सेकंदही नाही लागले.

"कट! काका, काय हे! इतक्या वर्षांचं कुलूप आहे ते. जरा झुंजा की त्याच्याशी!"

मग मामा सात वेळा झुंजला. ते कुलूप इतकं सरळ होतं की झुंजायला त्याला घाम फुटला. शेवटी झाकण वर झालं. आत एक सतरंजी, दाढीचा ब्रश, दोन सदरे, काही कागद. दाढीवाल्याने सगळं उलटंपालटं केलं. "फोटो नाही?" म्हणाला. तोंड एवढंसं झालं त्याचं. मग बॅटरी बदलायची म्हणून सगळे जिन्यात गेले, चहा प्यायला.

खोलीत आम्ही तिघंच राहिलो. मामा रुमालाने बोटं पुसत हळूच म्हणाला, "आजी, कुलपात ताजं तेल आहे."

आजींनी पदर सारखा केला.

"आणि आत डांबराच्या गोळ्या आहेत. त्या काही पंचाहत्तर वर्षं टिकत नाहीत."

"फार हुशार आहेस," आजी म्हणाल्या. कमरेची पिशवी चाचपली, त्यातून एक छोटी चावी काढून मामाला दाखवली आणि परत आत टाकली. "आणि तू? लाज नाही वाटत, माझा बाप बनून भिंतीवर उभा आहेस ते?"

"मी कुठे बनलो! मला न विचारता रंगवलंय!"

"माझ्या बाबांचे पुढचे दोन दात बाहेर होते. कुठे तू, कुठे ते."

मला राहवेना. "मग म्हणालात कशाला, माझे बाबा म्हणून?"

आजींनी ट्रंकेतून एक पिवळा कागद काढून माझ्या हातात कोंबला. कारखान्याचा शिक्का. त्यात त्यांच्या बाबांचं नाव आणि खाली, 'फाटकास कुलूप लावल्याबद्दल कामावरून कमी करण्यात येत आहे.'

"तेवीस वर्षं हा कागद घेऊन हिंडतेय मी. ऑफिसवाले म्हणाले, इतिहास छापून झालाय. टीव्हीवाले म्हणाले, फोटो आहे का. फोटो कुठून आणू? काढलाच नाही कुणी त्यांचा. नंतर बारा वर्षं ओझी उचलून जगले, कुणी विचारलं नाही, कुलूप कुणी लावलं म्हणून. मग भिंतीवर तुझं थोबाड आलं. मी म्हटलं, हेच माझे बाबा. दुसऱ्या दिवशी दारात गाडी! उद्या त्या 'अनाम'वर रंग मारून बाबांचं नाव लिहिणार आहेत." मग आवाज एकदम खाली आला. "तू आता बोललास ना, तर पुसतील रे. पुन्हा पुसतील."

मामा खाली बघत होता. निळ्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. मला इतका राग आला की कुणाचा ते कळेना. मामाने आठ वर्षं वाट बघितलेली. पण हातातला तो कागदही सोडवेना.

सगळे परत आले. दाढीवाल्याने आजींना ट्रंकेजवळ बसवलं, मामाचे हात झाकणावर ठेवायला लावले. "आजी, सांगा. भिंतीवरचे ते कोण?"

आजींनी मामाकडे बघितलं. तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

तेव्हा मामाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून डोकं कॅमेऱ्यात घातलं.

"तोंड माझं आहे," तो म्हणाला. "कुलूप ह्यांच्या बाबांनी लावलं. ए बाळ, कागद दाखव."

मी कागद थेट कॅमेऱ्याच्या काचेसमोर धरला.

"कट! कट! हे कोण? काका, तुम्ही फक्त हात आहात!"

"हात कुणाला म्हणतोस रे?" मी सुरू झाले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, आई वाचणार आहे. दाढीवाला ओरडला, "कॅमेरा बंद कर!" कॅमेरामन म्हणाला, "बटण अडकलंय." आणि चालूच ठेवला, देव त्याचं भलं करो. मग आजींनी सगळ्यांच्या वरताण आवाज काढला. "वाच तो कागद! माणसाचं तोंड दिसल्याशिवाय तुला वाचता येत नाही का?"

दाढीवाल्याने कागद घेतला. एकदा वाचला. खाटेवर बसून परत वाचला. मग पहिल्यांदाच मान वर करून मामाकडे बघितलं, खिशातून पोस्टरचं चित्र काढलं, परत मामाकडे बघितलं. "अरे देवा," म्हणाला. "मग आम्ही दोन वर्षं काय दाखवतोय?"

"माझा वैताग," मामा म्हणाला.

तर तो कार्यक्रम लागला. चॅनलने चूक कबूल केली, जरा तोंडातल्या तोंडात, पण केली. कागद पूर्ण पडदाभर दिसला. मामा अकरा सेकंद दिसला, मानेपासून वर, रंगीत. भिंतीवर 'अनाम कामगार' पुसून आजींच्या बाबांचं पूर्ण नाव आलं, हे मोठं. त्याखाली बारीक अक्षरात: 'चेहरा उसना, समोरच्या कुलूपवाल्याकडून'. गल्लीवाले म्हणतात कुलूपवाला इतिहासात घुसला, ते ह्यावरून. घुसायचंच असतं तर तो गप्प बसला असता, एवढी साधी गोष्ट.

आणि अजून एक. रंगारी नाव लिहायला आले त्या दिवशी आजीही आल्या. आमच्या स्टुलावर बसल्या, हातात काठी. नाव लिहून झालं तशा रंगाऱ्याला म्हणाल्या, "आता वर चढ. पुढचे दोन दात काढ. बाहेर. अजून थोडे बाहेर."

मी उठलेच. "आजी! मामाचं तोंड आहे ते!"

"बस खाली," मामा म्हणाला.

दात काढून झाले. आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग काठी टेकत उठल्या, मामाच्या गालाला हात लावला आणि निघून गेल्या. आता दर सहा महिन्यांनी येतात, ट्रंकेच्या कुलपाला तेल घालून घ्यायला.

परवा एक गिऱ्हाईक आलं, कपाटाची चावी करायला. त्याने भिंतीकडे बघितलं, मामाकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे.

"तुमचे कुणी लागतात का हो हे?"

मामाने कानस खाली ठेवली.

"लागतात," म्हणाला. "थोडेसे."