नरसय्याचं मशीन मीच बंद केलं होतं

खटक-खट, खटक-खट.
हा आवाज थांबला, की गल्लीत कुणीतरी गेलं, हे आम्हाला लहानपणी न सांगता कळायचं.

भवानी पेठेत तेव्हा घरोघरी माग. गल्लीत मयत झालं की आधी माग बंद व्हायचे. रडणं त्यानंतर ऐकू यायचं.

आज नरसय्याला जाऊन वर्ष झालं.
त्या दिवशी मी एक चूक केली. ती इथे लिहितोय.

नरसय्या माझा शेजारी. चाळीस वर्षं त्यानं टॉवेल-चादरी विणल्या. माग विकले, तेव्हा त्याच जागी एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. बंद पडलेल्या एका क्लासमधला. आणला तेव्हाच म्हातारा होता. कॉम्प्युटर म्हणतोय मी.

त्यावर तो ना सिनेमे बघायचा, ना पत्ते खेळायचा. मशीन आपलं दिवसभर गणित करत बसलेलं.

"कुणाचं गणित रे?" मी विचारलं.
"जगाचं."

मग नीट सांगितलं. मोठ्या दुर्बिणी आकाशातून लहरी गोळा करतात. तो ढीग एका कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून त्याचे तुकडे करून जगभरच्या हौशी लोकांना वाटतात. ज्याचं मशीन रिकामं असेल त्यानं एक तुकडा तपासायचा, उत्तर पाठवायचं, पुढचा घ्यायचा. सगळं फुकट. प्रकल्पाच्या पानावर आपल्या नावापुढचा आकडा वाढतो, तेवढीच काय ती कमाई.

"पण शोधायचं काय त्यात?"
"काही तारे मागासारखे ठोके देतात मास्तर. ठरावीक. तो ठोका लागतोय का बघायचं."

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. चांदण्यांच्या कविता वर्गाकडून चालीवर म्हणून घेतल्या. तारे ठोके देतात, हे मला एका विणकरानं सांगितलं.

मी त्याच्याकडे बसून कविता म्हणायला लागलो की म्हणायचा, "हळू म्हणा की. मशीनचं लक्ष उडतंय."

दवाखान्यात ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं मला एकच काम सांगितलं.
"मी येईपर्यंत याला बंद करू नका. मुदतीत तुकडा गेला नाही तर वाया जातो."

तो आला तो ॲम्ब्युलन्समधून.

बाहेरच्या खोलीत त्याला ठेवलं होतं. बायका भोवती बसलेल्या. कोपऱ्यात त्या मशीनचा पंखा घुं घुं करत होता.
मला ते कसंतरीच वाटलं. गल्लीची रीत अंगात मुरलेली. मयताच्या घरात यंत्र चालू ठेवत नाहीत.

मी उठलो आणि पिन ओढली. शटडाऊन वगैरे काही नाही. सरळ पिन.

त्याच्या बायकोनं, लक्ष्मीवहिनींनी, एकदा माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर मी त्या घरी कितीतरी वेळा गेलो. कोपऱ्याकडे मात्र बघायचं टाळलं.

गेल्या महिन्यात वहिनींनीच हाक मारली. "मास्तर, घराला रंग द्यायचाय. ते डबडं चालू होतंय का एकदा बघा. नाहीतर भंगारात देते."

तेव्हा मी सांगून टाकलं. वहिनी, त्यानं मला बंद करू नका म्हटलं होतं.

"माहीत हाय की," त्या म्हणाल्या. "मला पण सांगितलं होतं. तुमी पिन काढली तेव्हा मला पण बोलता आलं असतं."

मग त्यांनी चहा टाकला.

बटन दाबलं, तर नुसता काळा पडदा. पेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, धूळ फुंकली, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. नाण्याएवढा एक सेल नवा घातला.

"मशीन मरी नई मास्तर," ते म्हणाले. "तारीख भूल गई सो."

खरंच. सेल संपल्यामुळे पडद्यावर वीस-बावीस वर्षांपूर्वीचं साल आलं. त्या साली नरसय्याचे चारही माग चालू होते. क्षणभर वाटलं, राहू द्यावी हीच तारीख.
रशीदभाईंनी आजची घातली. तारीख चुकीची असली की तिकडचा सर्व्हर आपल्याशी बोलतच नाही म्हणे.

प्रोग्राम आपोआप उघडला. वर नरसय्याचं नाव. खाली तो अर्धवट तुकडा, मुदत संपलेला.
प्रकल्पाच्या पानावर पाहिलं. तो तुकडा दुसऱ्या कुणीतरी केव्हाच पूर्ण केला होता. कुठल्या देशात, कोण जाणे. मला हायसं वाटलं.

नवा तुकडा घेतला. या मशीनला एका तुकड्याला आठवडा लागतो. मी रोज सकाळी समोर जाऊन बसायचो आणि सवयीनं तिसरीच्या पुस्तकातल्या कविता पुटपुटायचो.
"झोपेल की ते तुमच्या चालीनं," वहिनी म्हणायच्या.

परवा तुकडा गेला. वर्षभर थांबलेला नरसय्याच्या नावापुढचा आकडा हलला. वहिनींनी भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं.

नरसय्या, मशीन चालू आहे. उशीर माझ्यामुळे झाला.
तुला मनापासून नमस्कार.

…

एवढं त्याच्याच खोलीत बसून लिहिलं आणि पोस्ट करणार, तर दार वाजलं. म्हणून पुढचं आत्ता लिहितोय.

दारात पस्तिशीतली एक बाई. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पिशवी.

"नरसय्याकाका हितंच राहतात का? मंद्रूपहून आले मी."

वहिनींनी विचारलं, ओळख कशी?

"भेटले न्हाय कधी. मी पण त्या ताऱ्यांच्या प्रकल्पात हाय. जुनं मशीन कसं चालवायचं, ते काकांनीच मेसेजवर शिकवलं. पत्ता पण दिला होता, या म्हणून. मग वर्षभर त्यांचा आकडा थांबला. मेसेजला उत्तर न्हाय. लई काळजी वाटली. परवा बघितलं, तर आकडा हललेला. म्हटलं, दुखण्यातनं उठले काका. आता भेटूनच यावं."

पिशवीत शहाळी होती.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"आत या," मी म्हणालो. "बसा जरा. सांगतो."