कौल पडेपर्यंत

मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि उरलेला वेळ भांडायचो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. कट्टा गावच्या बाजारात कुणी नवस, दृष्ट, कौल असा विषय काढला की माझं डोकं फिरायचं, आणि जिभेला तर हाडच नव्हतं. तुम्ही या वाडीत जन्मलात म्हणून हा देव मानता, पलीकडे क्रिस्तांवाच्या घरात जन्मला असतात तर मेणबत्त्या लावल्या असत्यात, हे माझं ठरलेलं वाक्य. हायस्कुलात असताना आमच्या मास्तरांकडून ते मी उचललं होतं.

एकदा हे आईलाही ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या मास्तरान सांगल्यान म्हणान तू मानलंस. माझ्या आवशीन सांगल्यान म्हणान मी मानलंय. फरक काय तो सांग, झिला."

मी चिडून बाहेर निघून गेलो.

त्याच वर्षी मुलगी आजारी पडली. चार वर्षांची पोर. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तापाने फणफणली होती आणि मान हलवू देत नव्हती. बायको म्हणाली, आत्ताच्या एसटीने मालवणला डॉक्टरकडे नेऊया. आई म्हणाली, न्या, पण देवाला विचारून न्या. आमच्याकडे रीतच ती. प्रवास असो, लग्न असो, गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार; हाच कौल. देऊळ एसटीच्या वाटेवरच होतं. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, म्हातारीचं मन राहील.

पाकळ्या पडेनात. गुरवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, मग तिसऱ्यांदा. बायको पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. पोर कण्हायचीही थांबली होती. तेवढ्यात चढणीवर गाडीचा आवाज आला.

"जाऊया," बायको म्हणाली.

मी हात वर करून तिला थांबवलं. मी, विज्ञानाचा मास्तर! नजर त्या दगडावरून हलत नव्हती. डावी पडली तर? गाडी थांब्यावर थांबली आणि गेली. त्यानंतर बऱ्याच वेळाने उजवी पाकळी पडली. देव म्हणाला, न्या.

बैलगाडी मिळवून मालवणला पोचेपर्यंत दुपार कलली. वाटभर मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होतो. मुलगी वाचली. डाव्या कानाने ऐकू येणं मात्र कायमचं गेलं. मी डॉक्टरांना विचारलं, सकाळी आणली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

आई मरेपर्यंत म्हणत राहिली की कौल उजवा होता म्हणून पोर हाती लागली. बायकोच्या मते गाडी गेली म्हणून कान गेला. मलाही तसंच वाटतं. पण ते विचार करून वाटतं, की मास्तरांनी तसं वाटून घ्यायला शिकवलं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांचं ते वाक्य मला छळतं. मुलगी आता मोठी झाली. बोलायला तिच्या डाव्या बाजूला बसलो तर सहज म्हणते, "बाबा, ह्या बाजूक येवा." मी उठून उजवीकडे जाऊन बसतो.

कुणी विचारलंच तर मी सांगतो की म्हातारीपायी थांबावं लागलं. खोटं आहे ते. आईचे गुडघे धरले होते, ती त्या दिवशी घरीच राहिली होती. देवळात मला थांब म्हणणारं कुणीच नव्हतं.