चित्रातल्या मुलींचा हेवा

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मावशी काचा घासते. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, अलगद खाचेत बसवायची. एकवीस वर्षं हेच काम, आणि हात कधी म्हणून चुकत नाही.

तिची सोळा वर्षांची भाची सुट्टीला आली होती. रविवारी दुपारी तिने मावशीला ओढून लॅपटॉपसमोर बसवलं. "जपानी ॲनिमे आहे, कार्टूनची मालिका. चार मुली रॉक बँड काढतात. बघ तर!"

मावशीचं पहिलं मत फटकळ होतं. "डोळे केवढाले गं यांचे! एकेका डोळ्याला माझी अख्खी काच पुरायची नाही."

पण ड्रमवाली पोरगी वाजवायला बसली आणि मावशी पुढे सरकून बघू लागली. चित्रातले हात अगदी बरोबर पडत होते. मावशीचा पाय खुर्चीखाली आपोआप ठेका धरू लागला, आणि तिला हेवाही वाटायला लागला. या पोरीला ना घरकाम, ना कुणाचं दुखणंखुपणं!

तिसऱ्या भागात ड्रमवाली तापाने आडवी झाली. कार्यक्रम तोंडावर आलेला. बदली मुलगी मिळत होती, तरी बाकीच्या तिघी अडून बसल्या: ती आल्याशिवाय वाजवणार नाही.

मावशीने फाडकन लॅपटॉप मिटला. "खोटं आहे सगळं. असं कुणी थांबत नसतं."

"तुला काय माहीत?"

मग मावशीने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी तीही मैत्रिणींच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची, गायिकेच्या वडिलांच्या गोदामात. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर आईचा पाय मोडला आणि मावशी तीन आठवडे घरात अडकली. परत गेली, तर तिच्या स्टुलावर दुसरीच बसलेली. "समजून घे गं," गायिका म्हणाली. मावशी समजल्यासारखं दाखवून घरी आली.

तीच गायिका आता याच दुकानात चष्मा करायला येते. इतकी वर्षं दोघी फक्त हवापाण्याचं बोलत आल्या. त्या आठवड्यात ती आली, तेव्हा मावशीने नवा चष्मा तिच्या नाकावर नीट बसवला आणि विचारलं, "तेव्हा तुम्ही थांबला का नाहीत?"

गायिकेला क्षणभर उमगेना. मग ती म्हणाली, "कार्यक्रम हवा होता गं. तू हवी होतीस, पण तो जास्त हवा होता." तिने नजर चुकवली नाही. "आणि तोही पडला. त्या पोरीला ठेकाच धरता येईना."

मावशीला बरं वाटलं. घरी येऊन तिने ते भाचीला सांगूनही टाकलं.

"जळकी आहेस तू!"

"आहेच मुळी. तीस वर्षं जळतेय, कोळसा व्हायची तेवढी राहिलेय. लाव पुढचा भाग."

उरलेले भाग दोघींनी दोन दिवसांत संपवले. मावशी ड्रमवालीच्या चुका काढत राहिली. शेवटच्या कार्यक्रमात चौघी एकमेकींकडे बघून हसल्या, तेव्हा मात्र तिने भाचीला पाणी आणायला पिटाळलं. भाची पेला घेऊन आली, तोवर मावशीने ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.